ग्रामगीतेतील शेतकरी : जाम नदीच्या काठावरून

मराठी साहित्यात शेतकरी पुष्कळ आला. परंतु तो बहुधा दोनच वेषांत आला. एक वेष करुणेचा. त्यात तो कर्जाने पिचलेला, अवर्षणाने गांजलेला, सावकाराच्या ओट्याखाली हात जोडून उभा असलेला दिसतो. दुसरा वेष गौरवाचा. त्यात तो जगाचा पोशिंदा होतो, त्याच्या घामाची मोत्यांशी तुलना होते, आणि लेखकाचे काम तेवढ्यावर संपते. दोन्ही वेषांत एक उणीव समान आहे. हा मनुष्य कोणाचा तरी मुलगा आहे, कोणाचा भाऊ आहे, बाप आहे, गावचा एक घटक आहे, देवळाच्या उत्सवात वर्गणी देणारा आहे. त्याने घरात कसे वागावे, शेजाऱ्याशी कसे वागावे आणि गावाचे देणे कसे फेडावे, हा प्रश्न त्याच्या स्वतःच्या मनातही असतो. हा गृहस्थ शेतकरी आमच्या कादंबऱ्यांत कमी आणि पोथ्यांत अधिक सापडतो. अशा पोथ्यांपैकी अलीकडची आणि आमच्या मते सर्वांत विचार करावा अशी पोथी म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाची पारायणे पुष्कळ झाली. त्याची समीक्षा मात्र फारशी झाली नाही. भक्तांनी तो ग्रंथ मस्तकी लावला, साहित्यिकांनी तो बाजूस ठेवला. आणि दोघांच्या मध्ये ग्रंथ वाचावयाचा राहून गेला.

हा ग्रंथ आम्ही येथे पांढुर्णा आणि सौंसर या भागाच्या आधाराने वाचणार आहोत. त्याचे कारण सांगितले पाहिजे. सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचा हा मुलूख राज्याच्या नकाशात मध्य प्रदेशात आहे. बोलीने, नात्यागोत्याने आणि पिकाने तो विदर्भाचाच सख्खा शेजारी आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूर-वऱ्हाड मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. नागपूर-इटारसी लोहमार्गावरील या गावी आजही घरात मराठी आणि कचेरीत हिंदी चालते. रानात कापूस, तूर आणि संत्री. श्रद्धेची स्थाने म्हणाल तर सौंसरजवळ जामसावळीचा पिंपळाखाली पहुडलेला मारुती आणि पांढुर्ण्याची चंडीमाता. तुकडोजी महाराज मराठीत आणि हिंदीत सारख्याच सहजतेने भजने रचीत; त्यांच्या खंजिरीचा आवाज ज्या मुलखात दोन्ही भाषांनी समजला, तो हाच. तेव्हा ग्रंथातील आदर्श शेतकरी आणि प्रत्यक्षातील शेतकरी यांची गाठ घालून पाहावयाची, तर याहून योग्य जागा शोधावी लागणार नाही. शिवाय येथे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एक असा प्रकार घडतो, की ज्याच्यापुढे ग्रामगीतेची कसोटी लागते. त्याकडे आम्ही पुढे येऊच.

प्रथम ग्रंथकाराविषयी थोडे. माणिक बंडोजी इंगळे यांचा जन्म १९०९ मध्ये अमरावती जिल्ह्यातील यावली येथे झाला. वरखेडच्या अडकोजी महाराजांनी त्यांना ‘तुकड्या’ हे नाव दिले, आणि तीच पुढे त्यांची मुद्रा झाली. १९३५ मध्ये त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रम उभारला. १९४२ च्या चळवळीत त्यांना कारावास घडला. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांचे देहावसान झाले. मठाच्या ओवरीत बसून लिहिणारा हा ग्रंथकार नव्हता. गावोगाव फिरून, सामुदायिक प्रार्थनेला लोक जमवून, झाडू हाती घेऊन ज्याने गाव पाहिले, त्याचा हा ग्रंथ आहे. एक्केचाळीस अध्याय आणि चार हजार सहाशे पंचाहत्तर ओव्या असा त्याचा विस्तार आहे. ग्रंथाची अर्पणपत्रिका कोणा देवतेच्या किंवा दात्याच्या नावाने नाही. ती ग्रामदेवतेला उद्देशून आहे, आणि ग्रामदेवता म्हणजे येथे गावातली माणसे. या एका गोष्टीतच ग्रंथाची सारी भूमिका आली.

ग्रंथाची घडण जुन्या पोथीची आहे. मंगलाचरण आहे, वक्ता-श्रोता आहेत, अध्यायाच्या शेवटी पारंपरिक समाप्ती आहे. परंतु त्या समाप्तीकडे बारकाईने पाहिले म्हणजे एक नवी गोष्ट आढळते. पोथी आपल्या प्रामाण्यासाठी गुरूचा आणि शास्त्राचा हवाला देते, हे जुनेच. येथे त्यांच्या जोडीला स्वानुभवही तिसरा साक्षी म्हणून बसविला आहे. शेतकऱ्याला ही भाषा लगेच कळते. पंचांगात पाऊस लिहिलेला असला तरी ढग पाहिल्यावाचून तो तिफण जुंपीत नाही.

शेतकरी गृहस्थाने आपल्या कामातच देव पाहावा, हा विचार अर्थात नवा नव्हे. तेराव्या शतकात अरणच्या सावता माळ्याने तो जगून दाखविला. परंपरा सांगते की सावतोबा मळा सोडून पंढरीस गेले नाहीत. पांडुरंगच त्यांच्या मळ्यात आला. भाजीच्या वाफ्यात विठ्ठल पाहणारी ती दृष्टी वारकरी संप्रदायाच्या अत्यंत धीट विचारांपैकी एक आहे. परंतु सावतोबांचा मळा हा एका भक्ताचा मळा आहे. देव आणि भक्त यांच्या भेटीत शेजारच्या बांधावरचा मनुष्य फारसा येत नाही. ग्रामगीतेने पुढचे पाऊल टाकले आहे ते येथे. देव तुझ्या मळ्यात आहे हे खरे. मग तो शेजाऱ्याच्या मळ्यातही आहे, गावाबाहेरच्या वस्तीतही आहे, आणि गावच्या उकिरड्याशेजारी खेळणाऱ्या पोरातही आहे. तर मग नुसत्या आपल्या वाफ्याला पाणी देऊन तुझी पूजा पुरी कशी होईल? असा हा युक्तिवाद आहे. ‘संसार-परमार्थ’ या अध्यायापासून ‘ग्रामकुटुंब’ आणि ‘भूवैकुंठ’ या अध्यायांपर्यंत तो वाढत जातो. संसार टाकावयाचा नाही. संसाराची भिंत तेवढी मागे सारावयाची आहे. घराचे अंगण वाढत वाढत गाव होईल, तेव्हा वैकुंठ शोधीत जाण्याचे कारण उरणार नाही.

हा विचार पांढुर्ण्याच्या शेतकऱ्याला परका वाटत नाही, कारण त्याचे पीकच त्याला ते शिकविते. संत्र्याची बाग हे एका हंगामाचे काम नव्हे. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधलेली कलमे लावल्यावर चांगले फळ धरू लागण्यास चार-पाच वर्षे लागतात. आंबिया बहार धरावयाचा की मृग, त्याप्रमाणे पाण्याचा ताण द्यावा लागतो. तहानलेल्या झाडाकडे पाहत हात आखडून बसावे लागते. डिंक्या लागला तर खोड खरवडून औषध लावावे लागते. ज्याने बाग लावली त्याच्याहून ज्याच्यासाठी लावली त्या मुलाला ती अधिक फळते. अशा पिकाचा मालक स्वभावतःच पुढच्या पिढीचा विचार करणारा होतो. आणि ही बाग एकट्याने राखता येत नाही. विहिरीचे पाणी खाली गेले तर सर्वांचेच जाते. एकाच्या बागेतला रोग बांध ओळखीत नाही. ग्रामकुटुंब ही कल्पना येथे ओवीत येण्यापूर्वी जमिनीतच असते.

तीच गोष्ट पोळ्याची. ग्रामगीतेत गोवंश-सुधारावर एक स्वतंत्र अध्याय आहे आणि सण-उत्सवांवर दुसरा. हे दोन्ही अध्याय ज्या दिवशी एकत्र येतात तो दिवस म्हणजे पिठोरी अमावास्या. आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी होते. वर्षभर जू वाहून ज्या खांद्याला घट्टे पडले, त्याला हळद आणि तूप लावून शेकतात, आणि दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचे आवतण देतात. माणसाने जनावराला हात जोडून जेवावयास बोलवावे, ही गोष्ट आम्हांस कोणत्याही तत्त्वज्ञानाहून लहान वाटत नाही. दुसऱ्या दिवशी झुली, बाशिंगे, शिंगांना रंग. तोरणाखाली बैल उभे राहतात, झडत्या म्हटल्या जातात, मारुतीचे दर्शन होते, आणि मग घरोघर ओवाळणी. बैल घेऊन दाराशी येणाऱ्याला बोजारा मिळतो. त्यात सालदाराचाही मान राहतो. दाराशी पळसाच्या डहाळ्या लागतात. ग्रामगीता ज्याला ग्रामकुटुंब म्हणते ते त्या एका दिवसापुरते डोळ्यांनी दिसते: धनी, गडी, जनावर आणि देव एका तोरणाखाली उभे.

आता ग्रंथाच्या वाङ्मयीन गुणांविषयी. ग्रामगीतेची ओवी ज्ञानेश्वरीची ओवी नव्हे, आणि तसे असल्याचा आव तिने कोठे आणलेला नाही. उपमांची आरास तिच्यात नाही. जी आहे ती रोकठोक, ऐकताक्षणी कळणारी आणि चालीवर म्हणता येणारी ओवी आहे. चावडीसमोर शेदोनशे माणसे बसली आहेत, त्यांतील अर्ध्यांना वाचता येत नाही, दिवसभराच्या कामाने डोळे मिटत आहेत, अशा सभेसाठी ती रचली आहे. म्हणून तिच्यात पुनरुक्ती आहे. तीच गोष्ट तीन प्रकारे सांगितली आहे. एकांतात वाचणाऱ्याला ती कंटाळवाणी होईल. समूहात म्हणणाऱ्याला ती टेकू देते. गावच्या रस्त्यांपासून अंत्यसंस्कारांपर्यंत, वेषापासून विवाहापर्यंत, यात्रा-मेळ्यांपासून प्रारब्धवादापर्यंत सर्व विषय तिने ओवीत बसविले. काव्याच्या दृष्टीने हे धाडस सर्वत्र साधलेले नाही. काही अध्याय ओवीबद्ध सूचनापत्रकासारखे वाटतात, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ‘श्रम-संपत्ती’ आणि ‘गरिबी-श्रीमंती’ या अध्यायांत जेव्हा कष्ट करणारा झोपडीत आणि न करणारा माडीत का, हा प्रश्न उभा राहतो, तेव्हा ओवीला धार येते आणि प्रचारक मागे राहून कवी पुढे होतो.

या ग्रंथाचा सर्वांत मोठा गुण आमच्या मते त्याच्या श्रोत्यांत आहे. अध्यायाच्या आरंभी श्रोते शंका काढतात. त्या शंका साध्या नसतात. आम्ही एवढे सत्कर्म केले तरी दैन्य का? देव सर्वांत आहे तर देऊळ कशाला? प्रारब्धात जे आहे तेच होणार असेल तर प्रयत्न का करावा? हे आम्ही आमच्या शब्दांत मांडले, परंतु शंकांचा रोख हाच आहे. शेतकऱ्याला मुका समजून त्याच्या वतीने बोलणारे लेखक पुष्कळ झाले. येथे शेतकरी विचारतो, आणि वक्त्याला उत्तर द्यावे लागते. करुणेच्या आणि गौरवाच्या वेषांतून त्याची सुटका झाली ती या प्रश्नाने.

परंतु सभेत पुढे बसून प्रश्न विचारणारा हा श्रोता बहुधा पुरुष आहे. स्त्रियांच्या उन्नतीवर ग्रंथात स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्या काळाच्या मानाने तो उदार आहे. तथापि त्यात स्त्रीविषयी बोलले जाते, स्त्री स्वतः बोलत नाही. ग्रामगीतेच्या तीनच वर्षे आधी, १९५२ साली, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली होती. खानदेशातील असोद्याची ही शेतकरीण अक्षरशत्रू होती. परंतु शेतातली पेरणी, घरातले जाते आणि अकाली आलेले वैधव्य या तिन्हींकडे तिने ज्या नजरेने पाहिले ती नजर उपदेशाने येत नाही. पांढुर्ण्याच्या कापसाची वेचणी आणि निंदण बायकांच्या हाताने होते. ओटीत बोंड वेचणाऱ्या त्या हातांना ग्रामकुटुंबाच्या कारभारात कोणती जागा, हे विचारण्यास ग्रामगीतेजवळ बहिणाबाईंचे पुस्तक ठेवून वाचावे. एका ग्रंथात घराची रीत आहे. दुसऱ्यात घराचा श्वास आहे.

यापुढे आम्हांस जे दोन आक्षेप घ्यावयाचे आहेत, ते याहून गंभीर आहेत. पहिला आक्षेप एका शब्दात सांगता येईल, आणि तो शब्द म्हणजे ‘भाव’. मराठी भाषेने देवापाशी लागणारा भाव आणि बाजारात मिळणारा भाव यांना एकच शब्द दिला आहे. शेतकऱ्याचे अर्धे आयुष्य या दोन भावांच्या मध्ये जाते. ग्रामगीतेचा भर पहिल्या भावावर आहे. व्यसन सोडा, लग्नात उधळपट्टी करू नका, आळस टाका, एकमेकांस धरून राहा, म्हणजे गाव सुधारेल. यांतले एकही वाक्य खोटे नाही. परंतु जो निर्व्यसनी आहे, कष्टाळू आहे, कुटुंबवत्सल आहे, गावच्या कामात पुढे आहे, आणि तरीही बुडतो, त्याला ग्रंथ काय सांगतो? या मुलखाच्या कापसाचा इतिहास असा आहे, की १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले म्हणून वऱ्हाडच्या कापसाचे भाव चढले आणि ते संपले म्हणून कोसळले. त्या चढउतारात शेतकऱ्याच्या सदाचाराचा काही संबंध नव्हता. संत्र्याचेही तेच. झाडाला पाच वर्षे जीव लावावा, आणि तोडणीच्या आठवड्यात मोठ्या बाजारातला दर फिरावा.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने हाताळला आहे. शेतकरी दरिद्री का, याचे उत्तर त्यांनी शेतकऱ्याच्या वर्तनात शोधले नाही. सरकारी अंमलदार, सावकार आणि धर्माच्या नावाने घेणारे यांच्या व्यवहारात शोधले. देवस्थानाशी संबंध असलेल्या वाचकांस त्या ग्रंथातील काही भाग बोचेल, आणि बोचावाही. ज्या देवळाच्या पायरीवर शेतकरी आपला पहिला दाणा ठेवतो, त्या देवळाने त्याच्या शेवटच्या दाण्याची चौकशी केली काय, हा प्रश्न टाळण्याने श्रद्धा वाढत नाही. फुल्यांचा असूड आणि महाराजांची खंजिरी ही परस्परांची शत्रू आहेत असे आम्ही मानीत नाही. एकाने बाहेरचा चोर दाखविला, दुसऱ्याने घराची कडी दाखविली. परंतु चोर कोण हे ठाऊक नसता केवळ कडी लावून घर राखले जात नाही. सदानंद देशमुख यांच्या २००२ सालच्या ‘बारोमास’ या कादंबरीत शिकलेला एकनाथ शेतात अडकतो आणि त्याचे घर आतून उसवत जाते, तेव्हा हे पुन्हा ध्यानात येते. तेथे कोणी दुर्वर्तनी नाही म्हणून घर वाचत नाही. साहित्य अकादमीने २००४ मध्ये गौरविलेली ही कादंबरी ग्रामगीतेच्या भूमीतीलच आहे, आणि आम्ही तिला ग्रामगीतेच्या श्रोत्याने अर्ध्या शतकानंतर विचारलेली नवी शंका समजतो.

या ठिकाणी आमच्या गोमंतकीय वाचकांच्या मनात एक तुलना आपोआप उभी राहील. गोव्याच्या गांवकारीत गावची जमीन सामाईक असे. शेते पावणीने खंडास दिली जात. त्या उत्पन्नातून खाजनांचे बांध, मानशी, देऊळ आणि गावचे सेवेकरी यांचा खर्च भागवून उरलेले गांवकारांना जोण म्हणून वाटले जाई. पोर्तुगीजांनी १५२६ सालीच या वहिवाटी लेखी नोंदवून ठेवल्या. येथे ग्रामकुटुंब केवळ सद्भावनेवर उभे नव्हते. त्याला हिशेबाची वही होती. बांध फुटला तर खारे पाणी सर्वांच्याच शेतात शिरणार, म्हणून बांधाचा खर्च आधी आणि वाटणी मागाहून, हा क्रम ठरलेला होता. ग्रामगीतेच्या गावाला अशा वहीची गरज आहे. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गांवकाराच्या घरात पुरुष म्हणून जन्मला त्यालाच जोण. शेतात राबणारा परका कुळवाडी आणि घरची स्त्री त्या वहीत नाहीत. तेथे हिशेब पक्का आहे, पण दार बंद आहे. ग्रामगीतेत दार सताड उघडे आहे, पण हिशेब कच्चा आहे. उघड्या दाराचे आणि पक्क्या हिशेबाचे गाव अजून कोणी लिहिलेले नाही.

दुसरा आक्षेप गावाच्या हद्दीविषयी आहे, आणि येथे पांढुर्णा स्वतःच साक्षीस येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात आणि त्याच्या शेंड्याला झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. दोन्ही काठांवरून गोटे सुटतात. तो झेंडा हस्तगत होईपर्यंत गोटमार चालते, आणि शेवटी झेंडा चंडीमातेच्या चरणी जातो. जखमींची संख्या शेकड्यांवर जाते. आजवर कित्येक जीव गेले आहेत. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले, बंदोबस्त ठेवून पाहिला. गोटे थांबले नाहीत.

हे करणारे लोक दुष्ट आहेत असे म्हणून मोकळे होता येत नाही. आदल्या दिवशी ज्या गावाने बैलाला आवतण दिले तेच हे गाव. दाराशी ज्याची डहाळी लावली तोच हा पळस. काठावर उभ्या राहिलेल्या तरुणाला विचारले तर तो सांगेल की हे आपण गावासाठी आणि देवीसाठी करतो. त्याच्या सांगण्यात लबाडी नाही. अडचण नेमकी येथेच आहे. ग्रामगीता ज्या सद्गुणांची जोपासना करते, म्हणजे गावाचा अभिमान, संघटन, देवतेवर निष्ठा आणि एकासाठी सर्वांनी धावणे, ते सारे सद्गुण त्या काठावर हजर असतात. फक्त गाव नदीपाशी संपते. ‘सण-उत्सव’ या अध्यायाचा उपदेश हा, की सणातील विकृती काढून त्यांना लोकसेवेचे रूप द्यावे. तो योग्यच आहे. परंतु ग्रामप्रेमाच्याच पोटी विकृती जन्मते तेव्हा काय करावे, याचे उत्तर ग्रंथाने पुरेशा विस्ताराने दिलेले नाही. गावाला विश्वाचे लहान रूप मानणाऱ्या कवीच्या मनात हद्द नव्हती. ऐकणाऱ्याच्या मनात ती होती, आणि गाव हा शब्द ऐकताच त्याने ती आपल्या हाताने आखून घेतली.

गोटमारीविषयी सांगितली जाणारी दंतकथा या दृष्टीने फार बोलकी आहे. पांढुर्ण्याच्या एका तरुणाचे सावरगावच्या मुलीवर प्रेम बसले. तो तिला घेऊन नदी ओलांडीत असता एका काठाने त्यांना अडविण्यासाठी आणि दुसऱ्या काठाने सोडविण्यासाठी दगड मारले. त्यांतच दोघांचा अंत झाला. भोसल्यांच्या सैन्याच्या सरावापासून ही प्रथा निघाली असेही काही सांगतात. इतिहास कोणता याचा निकाल आम्हांस येथे करावयाचा नाही. गावाने कोणती कथा जपली हे महत्त्वाचे. त्या दोघांना काय हवे होते? त्यांना एक घर हवे होते. दोन गावांना जोडणारे एक कुटुंब त्या पात्रात उभे राहू पाहत होते. दोन्ही काठांवर आपापल्या कुटुंबाची आणि समाजाची चाड असलेले लोकच उभे होते, आणि त्या चाडीनेच ते घर बुडविले. कथेने अपराधी कोणाला ठरविले नाही. तिने फक्त दगड कोठून आले ते सांगितले, आणि ते दोन्हीकडून आले. ग्रामकुटुंबावर याहून कठोर भाष्य आम्ही कोणत्याही ग्रंथात वाचलेले नाही, आणि ते अक्षरे न गिरवलेल्या लोकांनी रचले आहे.

मग ग्रामगीतेचे मोल कमी झाले काय? आम्हांस तसे वाटत नाही. उलट हा ग्रंथ कसा वाचावा हे यातून कळते. जो ग्रंथ केवळ उत्तरांचा असतो तो काळ बदलला की जुना होतो. ज्या ग्रंथाने श्रोत्याला शंका काढण्याचा अधिकार दिला, तो श्रोत्याबरोबर वाढू शकतो. पारायणात आपण वक्त्याच्या ओव्या म्हणतो आणि श्रोत्याची शंका घाईने ओलांडून जातो; ही सवय मोडली पाहिजे. शंकेपाशी थांबावे. भावाची शंका विचारावी: महाराज, देवापाशी आमचा भाव खरा आहे, मग बाजारात आमचा भाव खोटा का? हद्दीची शंका विचारावी: आमचे गाव कोठवर? नदीच्या त्या काठावर जो मार खातो तो आमच्या कुटुंबात आहे की नाही?

या दुसऱ्या शंकेचे उत्तर केवळ ग्रंथाकडे मागून चालणार नाही. ते देवस्थानांकडेही मागितले पाहिजे. झेंडा अखेर देवीकडेच जातो. तो रक्ताने भिजून यावा अशी देवीची इच्छा आहे, असे कोणत्या शास्त्राने, कोणत्या गुरूने किंवा कोणाच्या स्वानुभवाने सांगितले? ग्रामगीतेने देऊळ हे गावाला एकत्र आणण्याचे ठिकाण व्हावे असा आग्रह ‘देव-देवळे’ या अध्यायात धरला आहे. कायद्याचा शब्द जेथे काठावर अडतो तेथे देवळाचा शब्द दोन्ही काठांना ऐकू जातो, कारण दोन्ही काठ त्याच मातेला नमस्कार करतात. पुजारी, पंच आणि पाटील यांनी एकत्र येऊन तो शब्द उच्चारावा, हे आम्ही भक्तीच्याच अधिकाराने म्हणतो.

शेतकऱ्याचे चांगले आयुष्य कोणते, या प्रश्नाला ग्रामगीतेने दिलेले उत्तर आजही मराठीत दिले गेलेले सर्वांत भरीव उत्तर आहे: घर सोडू नये आणि घरापाशी थांबूही नये. पांढुर्णा-सौंसरचा संत्र्याचा बागाईतदार आपल्या मुलासाठी झाड लावतो तेव्हा तो त्या उत्तराची पहिली ओळ जगतो. पोळ्याला तो बैलाला आणि गड्याला आपल्या तोरणाखाली घेतो तेव्हा दुसरी. तिसरी ओळ नदीच्या पात्रात अडून राहिली आहे. ती पलीकडच्या काठी पोचेल तेव्हा पळसाची फांदी दाराशी लागण्यापुरतीच तोडली जाईल, आणि चंडीमातेला दोन्ही गावांनी मिळून हाताने नेऊन दिलेला झेंडा मिळेल. ग्रंथाचा खरा शेवटचा अध्याय तोच होय, आणि तो लिहिण्याचे काम कवीने आपल्यावर सोपविले आहे.